वाचकांचे प्रश्न : टीव्ही कार्ड घेण्याआधी स्लॉट पाहा

नाशिक शहर आणि परिसरातून या वेळी आलेली चार पत्रे एकाच विषयाची, म्हणजे संगणकावर टीव्ही दाखवणारे कार्ड आणि ते बसवण्याची जागा (स्लॉट) यांबद्दलची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे. पुढच्या तिन्ही प्रश्नांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : आमच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरचे सकाळचे कार्यक्रम आईला दुपारी निवांतपणे पाहता यावेत, यासाठी ते संगणकावर रेकॉर्ड करण्याचा विचार आहे. संगणक जुना विकत घेतलेला, असेंबल केलेला आहे. विक्रेत्यांकडे साधारण सारख्याच किमतीची दोन डिजिटल टीव्ही कार्डे दिसली. एकापुढे ‘पीसीआय’ आणि दुसऱ्यापुढे ‘पीसीआय एक्सप्रेस एक्स१’ असे लिहिले आहे. कॅबिनेट उघडून पाहिले तेव्हा आत एक लांब काळा, एक अगदी छोटा काळा आणि दोन लांब पांढरे असे चार स्लॉट रिकामे दिसले. दुकानदार म्हणतात, “कोणतेही घ्या, बसेल.” खरोखर कोणतेही बसते का? आणि बसले म्हणजे चालेलच का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कोणतेही कार्ड कोणत्याही स्लॉटमध्ये बसत नाही. आपण केलेल्या वर्णनावरून आपल्या संगणकात दोन्ही प्रकारच्या कार्डांना जागा असावी असे दिसते, त्यामुळे दुकानदारांचे म्हणणे आपल्यापुरते खरे ठरेलही. मात्र ते आपला मदरबोर्ड (हे स्लॉट असलेला संगणकाचा मुख्य बोर्ड) पाहून बोललेले नाहीत, आणि टीव्ही कार्डाच्या खरेदीत पैसे वाया जातात ते नेमके अशाच आश्वासनांवर विसंबल्यामुळे. ‘बसणे’ आणि ‘चालणे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आपण स्वतःच ओळखले आहे, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस यांच्या नावांत साम्य असले तरी त्यांचे स्लॉट एकमेकांशी जुळत नाहीत. पीसीआय हा इंटेलने १९९२ मध्ये पुढे आणलेला प्रकार आहे, आणि त्यानंतरची बरीच वर्षे साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क कार्ड, टीव्ही कार्ड हे सगळे त्यातच बसवले जात असे. त्यात माहितीचे ३२ बिट ३२ तारांवरून एकाच वेळी जातात आणि सगळी कार्डे तोच मार्ग वाटून घेतात. पीसीआय एक्सप्रेसची पहिली आवृत्ती २००३ च्या सुमारास आली. तिच्यात प्रत्येक कार्डाला स्वतंत्र मार्गिका मिळते आणि माहिती त्या मार्गिकेवरून एकामागून एक बिट अशी, पण फार वेगाने धावते. विद्युत रचनाच निराळी असल्यामुळे एका प्रकारचे कार्ड दुसऱ्या प्रकारच्या स्लॉटमध्ये चालवता येत नाही, आणि ते चुकून घातले जाऊ नये म्हणून दोन्हींच्या खाचाही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या आहेत. कार्ड सहज आत जात नसेल तर जोर लावू नये. बहुतेक वेळा ते कार्ड त्या स्लॉटचे नसते.

स्लॉट ओळखताना रंगावर भरवसा ठेवू नये. पीसीआयचे स्लॉट बहुधा पांढरे असत हे खरे, परंतु रंगाचा कोणताही नियम नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी निळे, पिवळे, केशरी, हिरवे असे सगळे रंग वापरलेले आहेत. लांबीवरूनही पूर्ण उलगडा होत नाही, कारण पीसीआयचा स्लॉट सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांब असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी असलेला पीसीआय एक्सप्रेस एक्स१६ स्लॉट सुमारे नऊ सेंटिमीटरचा. नुसत्या नजरेने हा फरक कळणे अवघड आहे. खात्रीची खूण म्हणजे स्लॉटच्या आतला आडवा दुभाजक. कॅबिनेटची जी बाजू मागे असते, म्हणजे जिथे सगळ्या केबल लागतात, त्या टोकापासून मोजायला सुरुवात करावी. पीसीआय एक्सप्रेसमध्ये हा दुभाजक मागच्या टोकापासून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतो. घरगुती संगणकातल्या पीसीआय स्लॉटमध्ये तो उलट पुढच्या टोकाकडे, मागच्या टोकापासून सहा सेंटिमीटरच्याही पलीकडे असतो. शाळेतली साधी पट्टी आणि मोबाइलचा टॉर्च एवढ्यावर हे काम पाच मिनिटांत होते.

पीसीआय एक्सप्रेसची रचना अशी आहे की दुभाजकाच्या मागचा छोटा भाग सगळ्या आकारांत सारखाच असतो आणि फक्त पुढचा भाग लांबत जातो. एक्स१ म्हणजे एका मार्गिकेचा स्लॉट सुमारे अडीच सेंटिमीटरचा, एक्स४ सुमारे चार सेंटिमीटरचा, एक्स८ साडेपाचच्या थोडा पुढे आणि एक्स१६ नऊच्या जवळ. म्हणूनच एक्स१चे छोटे कार्ड यांपैकी कोणत्याही स्लॉटमध्ये बसते. लांब स्लॉटचा उरलेला भाग रिकामा राहतो आणि त्याने काही बिघडत नाही. उलट दिशेने मात्र हे जमत नाही. एक्स४चे कार्ड एक्स१च्या बंद टोकाच्या स्लॉटमध्ये जाणार नाही. घरगुती वापराची बहुतेक टीव्ही कार्डे एक्स१ची असल्यामुळे आपल्याला ही अडचण यायला नको. आवृत्त्यांच्या फरकाचीही चिंता नसावी, कारण पहिल्या आवृत्तीचे कार्ड तिसऱ्या किंवा चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये चालावे अशीच ही व्यवस्था आखलेली आहे.

आपल्या चार स्लॉटांपैकी छोटा काळा हा एक्स१ असणार हे जवळजवळ निश्चित आहे. लांब काळा बहुधा एक्स१६ असावा. त्याच्या पुढच्या टोकाला कार्ड अडकवून ठेवणारी खिटी असेल तर तो नक्कीच ग्राफिक्सचा स्लॉट आहे. बोर्ड फारच जुना असेल तर तिथे पीसीआय एक्सप्रेसऐवजी एजीपी नावाचा स्लॉटही असू शकतो. तो १९९७ नंतरच्या काही वर्षांतला, फक्त ग्राफिक्स कार्डासाठी असलेला प्रकार आहे आणि टीव्ही कार्डाला निरुपयोगी आहे. मात्र एजीपीच्या काळातल्या बोर्डावर एक्स१ सहसा नसे, आणि आपल्याकडे तो आहे. पांढरे दोन पीसीआय असावेत. तरीही दुभाजक मोजावा, आणि स्लॉटशेजारी बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेले नाव वाचावे. ‘पीसीआय१’ किंवा ‘पीसीआयई एक्स१’ अशा धर्तीचे नाव बहुतेक बोर्डांवर असते. त्याच बोर्डावर ठळक अक्षरांत मॉडेलचे नावही छापलेले असते. ते टिपून घेतले की कंपनीच्या संकेतस्थळावरून बोर्डाची पुस्तिका उतरवून घेता येते, आणि त्या पुस्तिकेतला स्लॉटांचा तक्ता कोणाच्याही तोंडी सांगण्यापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

पीसीआय कार्ड घ्यायचेच ठरवले तर कार्डाच्या सोनेरी दातांतल्या खाचाही पाहाव्यात. पीसीआय स्लॉट पाच व्होल्टचे आणि ३.३ व्होल्टचे असे दोन प्रकारचे असतात. घरगुती बोर्डांवर जवळजवळ नेहमी पाच व्होल्टचाच असतो आणि ३.३ व्होल्टचा मुख्यतः सर्व्हरच्या बोर्डांवर आढळतो. कार्डाला दोन खाचा असतील तर ते दोन्हींत चालते. एकच खाच असेल तर ती आपल्या स्लॉटच्या दुभाजकासमोर येते की नाही हे विकत घेण्याआधी, निदान छायाचित्रावरून तरी, तपासावे.

छोट्या स्लॉटमध्ये कार्ड बसवले तर चित्र अडखळेल का, अशी शंका अनेकांना येते. तसे काही होत नाही. उपग्रहावरून येणाऱ्या एका ट्रान्सपाँडरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या एका पट्ट्यात, अनेक वाहिन्या एकत्र असतात, तरी त्या सगळ्यांचा मिळून वेग सेकंदाला साधारण ४० ते ६० मेगाबिट इतकाच भरतो. जुन्या पीसीआयची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, म्हणजे हजार मेगाबिटांहून थोडी जास्त आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या आवृत्तीची एकच मार्गिका सेकंदाला २५० मेगाबाइट वाहून नेते. दोन ट्यूनरचे (वाहिनी पकडणाऱ्या भागांचे) कार्डसुद्धा यातला अगदी थोडा भाग वापरते. टीव्ही कार्डासाठी अधिक वेगवान स्लॉट शोधत बसण्यात काहीही लाभ नाही.

लांब एक्स१६ स्लॉटच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. आपल्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे पडद्यावरचे चित्र बोर्डाच्या अंगभूत ग्राफिक्समधून येत आहे. काही जुन्या बोर्डांवर एक्स१६ मध्ये कोणतेही कार्ड बसवले की अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद होते आणि संगणक सुरू केल्यावर पडदा काळाच राहतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, यासाठी पर्याय असेल तर तो बदलता येतो, पण तो प्रत्येक बोर्डात असतोच असे नाही. एक्स१ रिकामा असताना या भानगडीत पडण्याचे कारण नाही. कार्ड त्याच स्लॉटमध्ये बसवावे. पुढे कधी जाड पंख्याचे ग्राफिक्स कार्ड घेतलेत तर ते शेजारचा छोटा स्लॉट झाकून टाकते, हेही लक्षात असू द्यावे.

आता चालण्याविषयी. ‘डिजिटल टीव्ही कार्ड’ एवढ्या शब्दांवरून काहीच कळत नाही, कारण डिजिटल प्रसारणाच्या पद्धती अनेक आहेत. डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२ या उपग्रहाच्या, डीव्हीबी-सी केबलची आणि डीव्हीबी-टी व टी२ या जमिनीवरच्या मनोऱ्यांच्या. अमेरिकेतली एटीएससी आणि जपानमधली आयएसडीबी या पद्धतींची कार्डेही बाहेरून येतात आणि स्वस्तात विकली जातात. ती आपल्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतील, परंतु इथे त्यांवर एकही वाहिनी दिसणार नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रसारण सुरू केले त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही शहरे होती, नाशिक नव्हते. मुंबईचे प्रसारण घाटाच्या अलीकडे घरच्या अँटेनावर मिळेल अशी आशाही बाळगू नये. म्हणून नाशिकमध्ये टी२ कार्डावर पैसे घालवू नयेत. खासगी डीटीएच आणि केबल यांचे प्रक्षेपण सांकेतिक स्वरूपात बंद केलेले असते आणि ते त्यांच्याच सेट टॉप बॉक्समधून उलगडते. उरते ते डीडी फ्री डिश, आणि तेच आपल्याकडे आहे. त्यातल्या काही वाहिन्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीच्या आणि काही एस२ पद्धतीच्या असल्याने कार्ड एस२चे घ्यावे. एस२चे कार्ड सहसा दोन्ही घेते.

उपग्रह कार्डाची आणखी एक गरज दुकानात क्वचितच सांगितली जाते. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज लागते आणि ती त्याच केबलमधून कार्डानेच पुरवायची असते. उभ्या ध्रुवणासाठी (ध्रुवण म्हणजे सिग्नलच्या लहरींची कंपनदिशा) १३ आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट, अशी ही व्यवस्था आहे. काही कार्डे ही वीज स्लॉटमधूनच घेतात, तर काहींना संगणकाच्या एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या पेटीतून) वेगळी वायर जोडावी लागते. कार्डावर असे सॉकेट दिसत असेल तर आपल्या एसएमपीएसला त्या जोडाची एखादी वायर मोकळी आहे का, हे आधीच पाहावे. जुन्या असेंबल केलेल्या संगणकांत अशा वायरी बहुधा हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह यांतच संपलेल्या असतात.

सेट टॉप बॉक्स तसाच ठेवून संगणकही जोडायचा असेल तर साधा स्प्लिटर लावून केबल दुभागू नये. बॉक्स एका ध्रुवणासाठी वीज देत असताना कार्ड दुसऱ्याची मागणी करू लागले की एकाचे चित्र जाणारच. दोन स्वतंत्र तोंडांची एलएनबी लावून दोन केबल खाली आणाव्यात. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि नाशिकहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. एलएनबी बदलताना छत्री हललीच तर हे आकडे उपयोगी पडतील.

शेवटची तपासणी ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आणि माझ्या मते पीसीआय कार्डाच्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे. जुन्या पीसीआय कार्डांपैकी अनेकांचे ड्रायव्हर ३२ बिट विंडोजच्या काळात लिहिले गेले आणि तिथेच थांबले. आजच्या ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ड्रायव्हर चालत नाही, मग कार्ड स्लॉटमध्ये कितीही नीट बसलेले असो. शिवाय विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर हा टीव्ही पाहण्याचा प्रोग्रॅम काढून टाकल्यामुळे पाहण्यासाठी आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते, आणि त्याच्या यादीत आपले कार्ड असावे लागते. लिनक्स वापरत असाल तर अनेक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर त्यात मुळातच असतात. मात्र काही कार्डांचे ड्रायव्हर निर्माता वेगळे देतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की ते पुन्हा चढवावे लागतात. म्हणून कार्डाचे नेमके मॉडेल आणि त्यावरील चिप यांची नावे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत आणि आपल्या विंडोजच्या किंवा लिनक्सच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर आहे याची खात्री पैसे देण्याआधी करावी.

हे सगळे पाहता मी आपल्याला पीसीआय एक्सप्रेस एक्स१चे, डीव्हीबी-एस२ कार्ड घ्या असे सांगेन, जरी पीसीआयचे दोन स्लॉट आपल्याकडे मोकळे असले तरी. इंटेलने २०११ च्या सुमारास घरगुती चिपसेटमधून (बोर्डावरच्या मुख्य चिपांमधून) पीसीआयचा थेट आधार काढून टाकला आणि नव्या बोर्डांवर तो स्लॉट आता सहसा आढळत नाही. आज घेतलेले पीसीआय कार्ड आपल्या पुढच्या संगणकात जाणार नाही, एक्स१चे जाईल. कार्ड बसवताना संगणकाचा प्लग काढून, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मगच कार्ड हातात घ्यावे. छत्रीची केबल संगणक बंद असतानाच जोडावी. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की ती काढून ठेवण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी.

प्रश्न : माझ्याकडे कार्यालयांतून निघालेला, पातळ कॅबिनेटचा संगणक आहे. एक्स१ स्लॉट आहे, टीव्ही कार्डही एक्स१चेच आहे, तरी ते आत राहत नाही. मागची पट्टी कॅबिनेटच्या वर येते. पट्टी काढून कार्ड नुसतेच खोचले तर चालेल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : कृपया तसे करू नये. विजेच्या दृष्टीने कार्ड चालेल, परंतु त्याला धरून ठेवणारी पट्टीच नसल्यामुळे छत्रीच्या जाड केबलचा सगळा ताण स्लॉटवर येईल, आणि एखाद्या दिवशी केबलला धक्का लागला की कार्डाचे किंवा बोर्डाचेच नुकसान होईल.

आपल्या संगणकाला ‘लो प्रोफाइल’ कार्ड लागते. नेहमीच्या कार्डाची पट्टी १२ सेंटिमीटर उंच असते आणि लो प्रोफाइलची सुमारे आठ. बुटकी पट्टी वेगळी मिळवून हा प्रश्न सुटेलच असे नाही, कारण मुळात कार्डाचा पत्राही बुटका असावा लागतो, सुमारे सात सेंटिमीटरच्या आत. आपल्या कार्डाचा हिरवा किंवा काळा पत्रा सोनेरी दातांच्या टोकापासून वरच्या कडेपर्यंत मोजून पाहावा. तो सातच्या आत असेल तर ते कार्ड लो प्रोफाइल म्हणूनच बनवलेले आहे आणि त्यासोबत मूळ खोक्यात बुटकी पट्टीही दिलेली असण्याची बरीच शक्यता आहे. विक्रेत्याकडे तिची चौकशी करावी. उंची जास्त असेल तर कार्ड बदलून घेणे हाच मार्ग आहे.

काही पातळ संगणकांत स्लॉट थेट बोर्डावर नसून एका उभ्या जोडपट्टीवर असतात आणि कार्ड आडवे बसते. तशा रचनेत पूर्ण उंचीचे कार्डही मावते. नवे कार्ड निवडण्याआधी आपल्या मॉडेलची पुस्तिका त्या दृष्टीनेही पाहावी, आणि कार्डाची लांबीही मोजावी, कारण पातळ कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या समोरच हार्ड डिस्कचा पिंजरा येतो.

प्रश्न : कार्ड स्लॉटमध्ये नीट बसले आहे, स्क्रूही लावला आहे, पण सॉफ्टवेअर ‘ट्यूनर सापडला नाही’ असे म्हणते. स्लॉट खराब आहे की कार्ड?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : दोन्हींपैकी एकालाही दोष देण्याआधी विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तिथे ‘मल्टिमीडिया कंट्रोलर’ असे नाव पिवळ्या खुणेसह दिसत असेल तर स्लॉट आणि कार्ड एकमेकांशी बोलत आहेत आणि फक्त ड्रायव्हर चढलेला नाही. अशा वेळी कॅबिनेट पुन्हा उघडण्याचीही गरज नाही. लिनक्सवर हीच तपासणी एलएसपीसीआय (lspci) या आज्ञेने होते. यादीत कार्डाची ओळ आली की स्लॉटची बाजू निर्दोष समजावी.

यादीत काहीच नसेल तर मात्र शोध स्लॉटकडे वळवावा. पट्टीचा स्क्रू आवळताना कार्डाचे पुढचे टोक किंचित वर उचलले जाणे हे याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. वरून पाहिल्यास सोनेरी दातांची कड एका बाजूला अधिक दिसते. प्लग काढून कार्ड बाहेर घ्यावे, दात कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावेत, स्लॉटमधली धूळ फुंकणीने उडवावी आणि कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन सरळ खाली बसवावे. नंतर बायोसमध्ये तो स्लॉट बंद केलेला नाही ना हे पाहावे.

आपला बोर्ड नवा असेल आणि त्यावर एम.२ प्रकारची एसएसडी (बोर्डावरच बसणारी छोटी डिस्क) लावलेली असेल तर पुस्तिका अवश्य वाचावी. अनेक बोर्डांवर एम.२ची जागा आणि एखादा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट यांच्या मार्गिका सामाईक असतात, आणि एसएसडी लावली की तो स्लॉट गप्प होतो. त्याबद्दलची सूचना तक्त्याखाली बारीक अक्षरांत असते आणि सहज नजरेतून सुटते. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये, चालेल तर दुसऱ्याच्या संगणकात, लावून पाहिल्याखेरीज ते खराब ठरवू नये.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वीचे एक टीव्ही कार्ड घरात पडून आहे. ते पीसीआयचे आहे आणि आमच्या जुन्या संगणकात त्याचा स्लॉटही आहे. केबलवाल्याची वायर थेट लावली तर त्यावर काहीच येत नाही. कार्ड टाकून द्यावे का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : स्लॉट जुळतो, पण त्या कार्डाला कळणारे प्रक्षेपण आता आपल्या वायरमध्ये नाही. ते कार्ड ॲनालॉग आहे. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिकचा समावेश होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून केबलच्या वायरमधून येते ते सांकेतिक डिजिटल प्रक्षेपण. डीव्हीबी-सीचे नवे कार्ड आणले तरी तेही हे कुलूप उघडू शकणार नाही. दूरदर्शनचे ॲनालॉग मनोरेही मोजकी ठिकाणे वगळता २०२२ पर्यंत बंद करण्यात आले, त्यामुळे अँटेना लावूनही उपयोग नाही.

तरीही कार्ड लगेच टाकू नये. त्याच्या मागे पिवळ्या रंगाचे व्हिडिओ सॉकेट असेल तर सेट टॉप बॉक्सची पिवळी एव्ही वायर तिथे जोडावी आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनरऐवजी ‘कंपोझिट’ हा पर्याय निवडावा. बॉक्सवर लावलेली वाहिनी संगणकावर दिसू लागेल आणि रेकॉर्डही करता येईल. वाहिनी बदलण्याचे काम मात्र बॉक्सच्या रिमोटनेच करावे लागेल. चित्र ५७६ ओळींचे, म्हणजे जुन्या टीव्हीच्या दर्जाचे मिळेल. या काळातल्या बऱ्याच कार्डांचा आवाज एका छोट्या वायरने साउंड कार्डाच्या ‘लाइन इन’मध्ये न्यावा लागतो, ती वायर हरवली असेल तर बॉक्सच्या लाल आणि पांढऱ्या जोडांपासून थेट ‘लाइन इन’पर्यंत जाणारी वायर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ड्रायव्हरसाठी जुनी ३२ बिट विंडोज किंवा लिनक्स वापरावी. जुन्या घरगुती व्हीसीआर कॅसेट संगणकावर घेण्यासाठीही हेच कार्ड आणि हीच जोडणी चालते.